बसल्याजागी लळिंग

जीवराम मिस्त्रीने चालू इंजिनावरचं तेलाचं झाकण काढलं, उलटं करून त्याच तोंडावर नुसतं टेकवलं, आणि ते तापल्या तव्यावरच्या थेंबासारखं थयथय नाचू लागलं.

"दखं अय्युबभाऊ," तो म्हणाला, "पिस्टनन्या रिंगा गयात. बठ्ठा दम खालतेच जाई ऱ्हायना."

"खुशीनं नाचतंय ते," अय्युब म्हणाला. "तू टर्बो लाव."

जळगावच्या मेहरूणहून अय्युब आपली डिझेल ॲम्बेसेडर घेऊन धुळ्याला आला होता. गाडी अशी, की किलोमीटरचा आकडा किती वेळा शून्यावर येऊन पुन्हा निघाला हे मीटरही विसरलं होतं. तिच्या धुरापायी केळीचे ट्रक भरदुपारी दिवे लावत. एकदा म्हणे एक पांढरी बकरी त्या धुरात शिरली ती पलीकडून काळी होऊन निघाली, आणि मालकाने तिला घरात घेतलंच नाही.

टर्बोचा ध्यास हसीनाबीपायी. बायकोचं माहेर मालेगाव. दर ईदला केळीचे घड, शेवयांचे डबे आणि बोचकी कोंबून दोघं निघत, आणि दर ईदला धुळ्यापुढच्या लळिंगच्या घाटात अर्ध्यावर गाडी दम टाकी. हातब्रेक नावापुरता. मग अय्युबने पायब्रेक दाबून धरायचा आणि हसीनाबीने जुन्या ओढणीत बांधलेला दगड घेऊन उतरायचं, तो मागच्या चाकाला लावायचा. ती उतरली की हलकी झालेली गाडी कशीबशी वर जाई. माथ्यावर डावीकडचं दार उघडून अय्युब वाट बघे. हसीनाबी दगड काखेत मारून चालत येई, धापा टाकत, गाडीच्या सात पिढ्या उद्धरत.

"अजी, एकदा तरी मला बसल्याजागी वर न्या. नाहीतर मलाच टर्बो म्हणून जुंपा!"

"पुढच्या ईदला, नक्की."

जीवरामने भंगारातल्या जीपचा टर्बो त्याच्यासाठी बाजूलाही काढून ठेवला. ईद येत गेली, जात गेली. गेल्या थंडीत हसीनाबी गेली.

आता जीवरामने तो टर्बो पोत्यातून काढला. अय्युबने आतलं पंख्यासारखं चाक बोटाने फिरवलं. धुराच्या जोरावर हे फिरणार आणि इंजिनात हवा कोंबणार. धुराची तर हिच्याकडे कधीच टंचाई नव्हती.

"हाई म्हतारीना तोंडमा इतली हवा कोंबशी ते पिस्टन फुटी जाई," जीवराम म्हणाला. "पह्यले बठ्ठं इंजिन खोलनं पडी."

"मग खोल."

"आते कोनकरता, भाऊ?"

अय्युबने फिरतं चाक बोटाने थांबवलं.

"कबूल केलं होतं रे तिला."

जीवरामने टर्बो पुन्हा पोत्यात गुंडाळला. "ऱ्हाऊ दे मनाकडे. कोनलेच देत नही मी."

मालेगावात म्हातारी सासू ईदला जावयाची वाट बघत होती. मागच्या सीटवर एकच घड, डावीकडे हसीनाबीच्या जागेवर ओढणीतला दगड, असा अय्युब पुढे निघाला. लळिंगचं ते अर्ध्यावरचं वळण आलं तसा त्याचा पाय सवयीने ब्रेककडे सरकला. गाडी खोकली, थरथरली, काळंकुट्ट ओकली. पण थांबली नाही. एकट्या माणसाला घेऊन ती थेट माथ्यावर गेली.

अय्युबने गाडी नेहमीच्या जागी घेतली. उतरला, डावीकडचं दार उघडलं आणि खालच्या वळणाकडे बघत उभा राहिला. बराच वेळ.

मग त्याने आत पाहिलं. दगड तेवढा बसल्याजागी वर आला होता.