वांगी ताजी आहेत का?

मार्गशीर्षात कृष्णेचं पाणी निवळतं आणि तळाचा गोटा न् गोटा दिसू लागतो, तसं काकूंचं बोलणं होतं. प्रत्येक अक्षर धुतलेलं, वेगळं, थंड. त्या सांगलीच्या. लग्न होऊन साताऱ्यात, आमच्या पाटणकडच्या रांगड्या गोतावळ्यात आल्या, पण आमच्या गढूळ ओघात त्यांचा स्वर कधी मिसळला नाही. स्वतःच्याच नितळपणावर भाळून तो वरवर वाहत राहिला. निवळ पाण्याचा एक क्रूर गुण असतो. त्यात दुसऱ्याचा चिखल फार स्पष्ट दिसतो.

तो त्यांनी एकदाच दाखवला, तोही भर पंगतीत. माहेरचे पाहुणे जेवत होते. काका, म्हणजे माझे चुलते, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, ताटावर हात आडवा धरून म्हणाले, "न्हाई, आता लाडू न्हाई." काकू हसल्या. "अहो, नाही म्हणा, नाही! पलटणीत एवढंही शिकवलं नाही का?" पंगत खळाळून हसली. काका भरल्या ताटावरून उठले, आणि त्यानंतर काकूंशी एक शब्द बोलले नाहीत. एका छपराखालचा त्यांचा संसार तिसऱ्या माणसाच्या तोंडून चालू लागला. "तिला सांग, चहा गार झालाय." "त्यांना म्हणावं, पान वाढलंय." शेजारच्याच खोल्यांत राहणारा हा तिसरा माणूस बहुधा मीच असे. टपाल्याला निदान पत्रं वाचून दाखवावी लागत नाहीत, शिवाय त्याला पगार असतो.

ऋतूही असेच एकमेकांशी न बोलता येत-जात राहिले. नव्वदचं दशक सरत आलं, तेव्हा अमेरिकेत शिकवणाऱ्या माझ्या धाकट्या भावानं, विनूनं, एक खूळ काढलं. तिकडे मराठी शिकणाऱ्यांसाठी इंटरनेटवर बोलके पाठ ठेवायचे. संवाद तो लिहून धाडणार, आम्ही ते कॅसेटवर भरायचे, तो ते संगणकात घालून जगभर मोकळे सोडणार. प्रत्येक वाक्यानंतर थोडी शांतता राखायची, म्हणजे शिकणारा ते वाक्य म्हणून बघेल. माझ्या आवाजाचा नमुना ऐकून त्यानं फोनवरच निकाल दिला, "दादा, तू फक्त बटणं दाब."

काकू तयार होणारच होत्या. नवल असं की काकाही झाले. "बोलतो की रं. कागदावरचंच बोलायचंय नव्हं?"

भाद्रपदाच्या उकाड्यात खिडक्या मिटून, पंखा थांबवून आम्ही बसत असू. टेपरेकॉर्डरचा इवलासा लाल दिवा लागला की वाळल्या फांदीला पालवी फुटावी तसे काका बोलत. "आपण कशा आहात?" न्हाई नाही, हाय नाही, अक्षर न् अक्षर शुद्ध, कवायतीतल्या पावलांसारखं. "मी बरी आहे," काकू म्हणत, आणि त्यांच्या गालांवर कुठल्या तरी जुन्या श्रावणाचं ऊन सरकून जाई. मी बटण दाबलं की ऊन विझे. काका भिंतीकडे वळत. तरी दुसऱ्या दिवशी काकू इस्त्रीचं पातळ नेसून, वेणीत अबोली माळून हजर. जणू कॅसेटीत रूपही भरलं जात होतं. त्यांना एवढंच हवं होतं, की दिवा विझल्यावर काकांनी एक शब्द बोलावा. शुद्ध, अशुद्ध, कसाही.

शेवटचा पाठ भाजीबाजाराचा होता. काकू भाजीवाली, काका गिऱ्हाईक. दिवा लागला. "या साहेब, काय देऊ?" असं काकूंच्या कागदावर होतं. त्यांनी कागद मांडीवर पालथा घातला आणि त्याच नितळ, पाठाच्या स्वरात विचारलं, "तुम्ही माझ्याशी का बोलत नाही?"

आणि नियमाप्रमाणे त्या थांबल्या. ती शांतता शिकणाऱ्यांसाठी नव्हती.

काकांनी कागद बघितला. हे वाक्य त्यात नव्हतं. पुढचं होतं.

"वांगी ताजी आहेत का?" त्यांनी सावकाश, निर्दोष उच्चारात वाचलं, आणि दिवा विझायच्या आत उठता उठता मला म्हणाले, "तिला सांग, धडे संपले."

काकांचा तो निरोप तेवढा पुसून मी कॅसेट धाडली. विनूला वाटलं, भाजीवाली थट्टा करतेय. पाठ तसाच जगभर गेला.

माघात काकू गेल्या, दोन दिवसांच्या तापानं. तेरावं झालं तसे काका म्हणाले, "चल रं, ते संगणकावरचं ऐकव." पोवई नाक्याजवळच्या इंटरनेटच्या दुकानात तो पाठ मुंगीच्या पावलांनी उतरत होता. काकांनी हेडफोन चढवला. त्यातून झिरपणारा काकूंचा स्वर मलाही ऐकू येत होता. प्रश्न आला. शांतता आली. काकांचे ओठ किंचित उघडले, आणि त्यांचाच आवाज वांगी विचारून गेला.

हेडफोन काढताना त्यांच्या मुद्रेवर परेड जिंकल्याचं तेज होतं. "लय शुद्ध आलंय की गड्या! तिला सांग..."

ते थांबले. सांगणारा मी तिथंच होतो.

कुठल्या तरी परक्या नगरात आजही कुणी अडखळत काकूंचा प्रश्न म्हणून बघत असेल. माणसं काळाच्या ओघात वाहून जातात. उत्तरासाठी त्यांनी राखलेली शांतता मात्र जिथल्या तिथं राहते, तळाच्या गोट्यासारखी, पाणी निवळलं की दिसणारी.