बाटलीची मागची बाजू

संडास साफ करायच्या लिक्विडचा धंदा धाकट्या दिराचा, पण ते ऑनलाइन विकायची सगळी उस्तवार वहिनीच्या गळ्यात. फोटो काढा, मजकूर चढवा, वर गिऱ्हाइकांच्या शिव्या खा! नियम तसा साधा होता: बाटलीवरचा लाल चौकटीतला धोक्याचा इशारा आणि 'ब्लीचमध्ये मिसळू नये' ही ओळ, घेणाऱ्याला विकत घेण्याआधीच फोनवर दिसली पाहिजे.

"वहिनी, ती लाल चौकट बघून माणसं पळतात हो," दीर म्हणाला. "बाटली जरा फिरवा ना. मागे छापलंय की सगळं, आपण कुठे लपवतोय?"

तिने फिरवली. फुलांचं चित्र पुढे आलं. मजकुरातली ती ओळही तिने गाळून टाकली. आणि खरं सांगायचं तर, विक्री वाढली तेव्हा तिलाही बरंच वाटलं.

वहिनीची आई मोठी चिकित्सक बाई. डोळे अधू झालेले, बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं तिला लागत नसत. म्हणून सगळं फोनवरूनच मागवायची. दोन बोटांनी फोटो मोठा करून अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय बटण दाबायची नाही. लेकीच्या घरचं लिक्विडही तिने असंच वाचून मागवलं. दार लावून बाथरूम घासायला बसली. मेला डाग हटेना, तेव्हा वरून ब्लीच ओतलं. शेजारणीने दार तोडून बाहेर काढलं तेव्हा तिला श्वास घेता येत नव्हता.

आता इस्पितळात तिच्या तोंडावर मास्क होता. फुप्फुसं आतून भाजली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते.

"आजी, हे ब्लीचमध्ये मिसळू नका, असं कुठे लिहिलं नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

खाटेच्या पायथ्याशी उभ्या दिराने वहिनीकडे पाहिलं. खरं बोललं तर दीर आत जाणार, धंदा बसणार, घर उघड्यावर येणार. आणि गप्प राहिलं तर आई स्वतःलाच दोष देत जाणार.

आईने मास्क सरकवला. "असेल हो लिहिलेलं," ती धापा टाकत म्हणाली. "मीच वाचलं नसेल. माझी लेक कशाला लपवेल?"

डॉक्टर लेकीकडे वळले.

"वय झालंय तिचं," लेक म्हणाली. "हल्ली नीट वाचत नाही."

आईने मान डोलावली. संध्याकाळी ती गेली.