साडेबाराचा माणूस

ऑफिसात सगळे त्याला साडेबारा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. "जगाचे बारा वाजतात, यांचे रोज साडेबारा," हा विनोद पहिल्यांदा कोणी केला ते आता कुणालाच आठवत नव्हतं. पण नवीन माणूस रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात तो त्याच्या कानावर घातला जाई, पिण्याचं पाणी कुठे आहे ते सांगावं तसा.

कारण साधं होतं. लोकांना दवाखान्यातल्या तपासण्यांची वेळ घरबसल्या ठरवता यावी म्हणून त्यांची कंपनी एक साइट चालवत असे. ती ज्या सर्व्हरवर चाले त्याची मेमरी सकाळपासून भरत जाई. साडेबाराच्या टेबलावरच्या स्क्रीनवर एक हिरवी रेघ होती. ती तासातासाने वर चढे आणि दुपारी एकच्या सुमारास वरच्या कडेला टेकली की साइट आडवी होई. कुणाला काही उघडत नसे, फोन खणखणू लागत. म्हणून एकच्या आत कुणीतरी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायचा, की रेघ धपकन खाली. दुपारनंतर लोक कमी येत, रात्री कोणीच नसताना सर्व्हर आपला आपण एकदा बंद होऊन उठे, आणि सकाळी पुन्हा येरे माझ्या मागल्या.

रात्री आपोआप होतं ते दुपारी का होत नाही, असं कोणीही विचारील. तेही करून झालं होतं. सात वर्षांपूर्वी त्याने दुपारचं रीस्टार्टही घड्याळाला बांधून टाकलं होतं. तिसऱ्याच दिवशी एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला आणि नेमका त्यानेच उचलला. नवऱ्याच्या तपासणीसाठी त्या फॉर्म भरत होत्या. फॉर्म सात पानांचा, त्यात जुन्या रिपोर्टांचे फोटो जोडायचे. सहाव्या पानावर सगळं पुसलं जाई. "तीन दिवस झाले, बाळा," बाई म्हणाल्या. "रोज दुपारीच सवड मिळते मला. माझंच काही चुकतंय का, तेवढं सांग." आवाजात राग नव्हता. राग असता तर तो विसरला असता.

त्या दिवशी त्याने घड्याळाचं काम काढून टाकलं आणि एक छोटी फाइल लिहिली. तिला नाव दिलं हजेरी. साइटवर कोण कोण फॉर्म भरत बसलंय ते ती दाखवी, आणि प्रत्येकाच्या अर्धवट फॉर्मची एक प्रत फोटोंसकट सांभाळून ठेवी, न जाणो मध्येच कुणाचं नेट गेलं तर परत देता यावा म्हणून. सर्व्हर बंद झाला की मात्र या प्रतीही पुसल्या जात. पाच मिनिटं ज्याने हालचाल केली नाही तो यादीतून दिसेनासा होई. साडेबाराला तो हजेरी उघडून बसे. आत नऊ जण, सहा, चार, पुन्हा सात. कधी पाच मिनिटांत, कधी वीस मिनिटांत असा एक क्षण येई की आत कोणीच नाही. तेवढ्यात तो बटण दाबी.

हे रोज. रविवारीसुद्धा. सर्व्हरला सुट्टीबिट्टी काही कळत नाही. बहिणीच्या लग्नात तो साडेबाराला मांडवामागे खुर्चीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. वडील गेले त्या दिवशी तो दवाखान्याच्या जिन्यात बसला होता, साइटवर दोघं फॉर्म भरत होते, ते संपवीनात. ते संपल्यावर तो वर गेला, तोवर वडील गेले होते. त्याची बायको तेव्हा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. ती त्याबद्दल आजवर एक अक्षर बोलली नव्हती.

बायको शिक्षिका. या वर्षी तिला डोंगरावरच्या एका शाळेची मुख्याध्यापिका करून पाठवत होते. तिथे फोन लागतो तो म्हणे शाळेच्या फाटकापाशी एका दगडावर उभं राहिल्यावर.

"शनिवारी अकराला टेम्पो येणार आहे," ती म्हणाली. वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळणं चालू होतं. "सामान चढेल. तुम्ही चढणार का, तेवढं सांगा."

"राजीनामा दिलाय ना मी. महिना शुक्रवारी संपतो. फक्त साडेबाराचं काय ते लावून देतो, मग..."

"मागच्या बदलीलाही हेच. तीन वर्षं एकटी राहिले. शेजारीण विचारायची, तुमचे मिस्टर असतात ना हो? मी म्हणायचे, असतात. दुपारी साडेबाराला असतात."

तो हसला. ती हसली नाही. तिने एक बशी गुंडाळून खोक्यात ठेवली.

"या वेळी नाही आलात तर मी रागावणार नाही," ती म्हणाली. "पण पुन्हा विचारणारही नाही."

राजीनामा देताना साहेबांनी एका शब्दानेही अडवलं नव्हतं. "जा की. कोणी धरून ठेवलंय? फक्त साडेबाराचं बघून जा." पण ते काम हातात घ्यायला कोण तयार होणार? ज्याच्याकडे म्हणून बघावं त्याला नेमकं दुसरं तातडीचं काम निघे. शेवटी ते आलं टेस्टर मुलीकडे. चुका शोधणं हेच तिचं काम, म्हणून तिला सगळे किरकिर म्हणत, आणि तीही फोन उचलताना "किरकिर बोलतेय" म्हणे.

बुधवारी ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. "मला काही कळत नाही असं समजा आणि एकेक फाइल वाचून दाखवा."

"तुला सगळं कळतं."

"म्हणूनच म्हणतेय. तुम्ही भराभर पुढे जाल आणि मी मान डोलवीन."

दोन दिवस तो वाचत होता. गेल्या सात वर्षांत ही गळती त्याने किती वेळा शोधली असेल याची गणती नव्हती. त्याचा संशय पहिल्यापासून एकाच ठिकाणी होता. फोटो लहान करणारा भाग बाहेरच्या कुणीतरी लिहिलेला होता, तोच मेमरी घेऊन परत द्यायला विसरतो, हे त्याने पहिल्याच वर्षी शोधून काढलं होतं. कुणी विचारलं की तो फोटोंकडे बोट दाखवी, आणि बाहेरच्यांचं काम म्हटल्यावर कुणी पुढे विचारत नसे.

"हा भाग तर बदललाय," गुरुवारी दुपारी किरकिर म्हणाली.

"कधी?"

"चार वर्षं झाली. आपणच नवा घेतलाय, ही तारीख बघा. आणि त्यांनी खाली लिहिलंय, मेमरी न सोडण्याचा दोष काढला आहे."

त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. तारखेपुढे त्याचंच नाव होतं. महिन्याकाठी दहा-वीस गोष्टी नव्या घेताना ही त्यातली एक. त्या दिवशीही साडेबारा वाजले असतील, त्याने सर्व्हर बंद करून सुरू केला असेल, आणि रेघ बघायचं राहून गेलं असेल.

"मग रेघ का चढते?" तो म्हणाला.

"तेच विचारतेय मी. आता फक्त ही एक राहिली. हजेरी."

"ती राहू दे. ती माझी आहे."

"सगळ्याच तुमच्या आहेत, सर."

"तसं नाही. ती काही करत नाही. फक्त बघते."

"मग वाचायला किती वेळ लागेल?"

फाइल चाळीस ओळींची होती. तो वाचू लागला. माणूस आला की यादीत घ्या. फॉर्मची प्रत सोबत ठेवा. पाच मिनिटं झाली की... इथे त्याचा आवाज थांबला.

पाच मिनिटांनी माणूस यादीत दिसू नये अशी सोय त्याने केली होती. पण तो यादीतून काढला नव्हता. फॉर्म पुरा करून गेलेले, कंटाळून निघून गेलेले, सकाळपासून येऊन गेलेले सगळे जण आपापल्या रिपोर्टांच्या फोटोंसकट आत बसून होते. स्क्रीनवर शून्य दिसे तेव्हा आत हजार माणसं असत. दिसेनासं झालं म्हणजे गेलं, असं धरून चालला होता तो.

"चाचणीच्या मशिनवर लावून बघू," किरकिर हळूच म्हणाली. "असेलच असं नाही."

शुक्रवारी सकाळी तिने खोटे रोगी सोडले, तासाला तीनशे. हजेरी चालू असताना रेघ जिना चढावी तशी चढली. हजेरी बंद केली आणि पुन्हा तीनशे सोडले. रेघ अंथरुणावर पडल्यासारखी आडवी.

साहेब येऊन मागे उभे राहिले. त्यांना समजायला फार वेळ लागला नाही. "म्हणजे चार वर्षं," ते म्हणाले, "तुम्ही सर्व्हर बंद करत होतात ते या फाइलीमुळे. आणि ही फाइल होती कशासाठी, तर सर्व्हर नीट बंद करता यावा म्हणून."

"हो."

"कुंपणानेच शेत खाल्लं की हो."

"हो," तो म्हणाला. मागच्या टेबलांवरून टायपिंगचा आवाज थांबला होता. नंतर कोणीतरी घसा साफ केला आणि टायपिंग परत सुरू झालं.

सातांतली पहिली तीन वर्षं दुसऱ्याच्या चुकीत गेली होती, ती वजा करून त्याने पाहिलं. वडील गेले ते वर्ष चारांतच येत होतं.

दुरुस्ती एका ओळीची होती. साडेबाराला तो शेवटचं म्हणून हजेरी उघडून बसला. आत पाच, तीन, दोन. एक जण बराच वेळ रेंगाळला. मग कोणीच नाही. त्याने नवी ओळ घातली आणि बटण दाबलं.

"आता आठवडाभर बघू," साहेब म्हणाले. "चाचणीचं मशिन वेगळं, खरं गिऱ्हाईक वेगळं. खरी गर्दी शनिवारी सकाळची. पुढच्या शुक्रवारी मी स्वतः तुम्हाला सोडायला येतो."

बोलणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानेही त्याला हेच सांगितलं असतं. एक आठवडा. ज्याने चार वर्षं आपली चूक दुसऱ्याच्या नावावर खपवली त्याने एक आठवडा मागे राहायला काय हरकत आहे? तोंडातून "बघतो" निघतच होतं. मग त्याला वर्तमानपत्रात गुंडाळलेली बशी आठवली.

"उद्या अकराला टेम्पो आहे," तो म्हणाला.

"अहो, पण उद्या एकला साइट आडवी झाली तर?"

"तर मी तिथे नसेन."

स्वतःचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. साहेबांनी खांदे उडवले. "लॅपटॉप जमा करून जा मग," ते म्हणाले.

लॅपटॉप द्यायला तो खाली निघाला तेव्हा किरकिर जिन्यात भेटली. त्याने तिला विचारलं, "उद्या साडेबाराला तू बघशील ना?"

"बघेन."

"आणि परवा? रविवारी गर्दी नसते, तू घरूनही..."

"उद्या बघेन, सर," ती म्हणाली. "परवा नाही."

त्याचे कान तापले. पुढच्या सात वर्षांची गाठ तो तिच्या गळ्यात मारायला निघाला होता, तेही इतक्या गोड आवाजात.

शनिवारी टेम्पो सव्वाअकराला निघाला. पुढे ड्रायव्हर, मध्ये बायको, खिडकीशी तो, पायाशी कपबश्यांचं खोकं. डोंगराच्या पायथ्याशी एका चहाच्या टपरीवर ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि तो तोंड धुवायला गेला.

तो बायकोच्या शेजारून बाकावरून उठला. टपरीला वळसा घालून मागच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. तिथे रिकामी पिंपं रचलेली होती. पोटाजवळ लॅपटॉप धरावा तसे दोन्ही तळवे उताणे धरून तो उभा होता, हे त्याला बायकोची चाहूल लागेपर्यंत कळलं नाही. त्याने हात खाली घेतले. साडेबारा झालेत हे कळायला घड्याळ बघायची गरज नव्हती.

तिने त्याच्या हातात चहा दिला.

"किती जण आहेत आत?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत तिलाही ती भाषा आली होती.

"माहीत नाही," तो म्हणाला.

दोघं तिथेच उभी राहिली. चहा संपला तरी तो कप धरून होता. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. ती हलली नाही, म्हणून तोही हलला नाही. एक वाजला. एक वाजून दहा मिनिटं झाली. ड्रायव्हर दुसरा चहा घेऊन बसला, तेव्हा खिशातला फोन थरथरला.

त्याने तो वाचला आणि तिच्यापुढे धरला. किरकिरने लिहिलं होतं: "रेघ आडवी. साहेब तीनदा येऊन बघून गेले. मी जेवायला चालले."

बायकोने वाचून फोन परत दिला. मग तिने त्याच्या हातातला कप काढून घेतला.

गाडी वर चढू लागली तसं फोनचं नेटवर्क एकेक काडी करत गेलं. शेवटची काडी दोन वळणं टिकली, मग तीही गेली. त्याने फोन खिशात ठेवला, बाहेर काढला, पुन्हा ठेवला. छातीवरचा धोंडा उतरायला हवा होता. तो उतरला होता की जागा बदलून दुसरीकडे जाऊन बसला होता, ते त्याला नक्की सांगता आलं नसतं.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "तुझ्या शाळेची मधली सुट्टी किती वाजता होते?"

"साडेबाराला."

"घंटा कोण देतं?"

"शिपाई देतो," ती म्हणाली. "त्याच्या वाटेला जायचं नाही."