जाहिरातीच्या शेजारी

घरातलं माणूस गेलं की कामावरून परतायची घाई राहत नाही. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत जाहिरातीचं काम पाहणारे धर्मराज म्हणूनच रविवारीही ऑफिसात येऊन बसत. पत्नी कौसल्याबाईंना जाऊन सात महिने झाले होते.

दोन हजार आठचा एप्रिल होता. कपाशीच्या बियाण्याची जाहिरात यंदा पहिल्यांदाच इंटरनेटवर करायची होती. निरनिराळ्या वेबसाइटवर जाहिराती लावून देणाऱ्या दोन नेटवर्कची पत्रं टेबलावर होती. एक नेटवर्क वेबसाइटची यादी देत होतं, पण पाहणारे थोडे. दुसरं म्हणत होतं, जाहिरात दहा लाख वेळा दिसेल. कुठे, ते सांगत नव्हतं. मालक शांतिलालशेठांना दहा लाख आवडले होते. सोमवारी होकार कळवायचा होता.

तेवढ्यात बदनापूरचे पुंजाराम आले. गावोगावच्या भिंतींवर कंपनीच्या जाहिराती रंगवण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती.

"साहेब, औंदा किती भिंती?"

"एकबी न्हाई, मामा. औंदा कॉम्प्युटरवर."

"मंग ह्या ब्रशानं घरची चूल सारवतो. दाखवा तरी तुमची भिंत."

दुसऱ्या नेटवर्कने चाचणीसाठी लावलेली जाहिरात धर्मराजांनी उघडली. पुंजारामांनी चष्मा लावला. कपाशीचं बोंड पाहून मान डोलावली. मग त्यांचं बोट बाजूला सरकलं.

"अन् हे काय? 'साखर एकवीस दिवसांत गायब, इन्सुलिन फेका.'"

"ते पान मधुमेहाची पावडर विकणाऱ्याचं आहे. आपला फक्त भाड्याने घेतलेला कोपरा. आपला काय संबंध?"

"कसा न्हाई? मंठ्याला चौकातली भिंत मला फुकट भेटत व्हती. शेजारी एका भोंदू वैद्याची पाटी. म्या न्हाई रंगवली. लोक म्हणले असते, एवढी मोठी कंपनी शेजारी हाये, म्हंजे वैद्यबी बराबर असंल. तुम्ही तर वरून त्याला भाडं देऊन राह्यले."

धर्मराजांनी ते पान बंद केलं.

"मामा, आमच्या घरी असलीच पावडर आल्ती. हिनं इन्सुलिन सोडलं."

"कुणी आणली?"

"मी. पेपरात घालून आलेला कागद होता. त्याच कागदावर एका मोठ्या दुकानाची जाहिरात होती. म्हणून मला खरं वाटलं."

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. विचारणाऱ्याला ते 'आजार वाढला' एवढंच सांगत.

त्यांनी तिथूनच शेठांना फोन लावला.

"दहा लाखवालं नेटवर्क नको, शेठजी."

"अरे, लोक कमी बघतील. नुकसान आपलंच ना?"

"आपलंच. पण शेजारी मधुमेहाची खोटी पावडर विकतात, तिचं दुकान आपल्या जिवावर चालायला नको." मग असलीच पावडर आपण घरी आणली होती, तेही त्यांनी सांगितलं.

शेठ म्हणाले, "यादीवालं घे. पण एकेक वेबसाइट स्वतः उघडून बघ."

संध्याकाळी धर्मराज कौसल्याबाईंच्या धाकट्या बहिणीकडे, उषाबाईंकडे गेले. "ती पावडर मी आणली होती," एवढं बोलायला त्यांना चहा गार होईपर्यंत वेळ लागला. उषाबाई उठल्या. कप उचलून आत गेल्या. धर्मराज एकटेच बसून राहिले.

वाचकहो, जाहिरात किती जणांनी पाहिली हे आपण विचारतो. ती कुणाच्या शेजारी लागली आणि आपल्या पैशावर कुणाचं पान चालतं, हेही विचारायला हवं. आपलं चांगलं नाव पाहूनच कुणीतरी शेजारच्या खोट्यावर विश्वास ठेवतो. तो कुणाचा तरी नवरा असतो, आणि त्याला आपल्या माणसाला वाचवायचं असतं.