उन्हात उकललेला कण

मी बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, दिसायचो नाही मी. केसाच्या जाडीत माझ्यासारखे पाचशे जण सहज मावतील, एवढासा पॉलिमरचा कण मी. नाशिकच्या एका कॉलेजात, बोटाएवढ्या काचेच्या बाटलीत माझं आयुष्य गेलं. आयुष्य कसलं, जेमतेम पाच महिने!

मला घडवलं वल्लरीनं. तिची पीएचडी चालू होती. माझ्यात शेकडो साखळ्या. प्रत्येकीच्या एका टोकाला पाणी प्रिय, दुसऱ्याला पाण्याचं वावडं. पाण्यात सोडलं की वावडं असलेली टोकं आत दडतात आणि गोळा होतो. पोटात औषध. डॉक्टरांनी दुखऱ्या जागी उजेड पाडला की साखळीतला सांधा सुटणार आणि औषध तिथंच उतरणार, बाकी अंगाला त्रास नाही.

पण सांधा कुठे ठेवायचा, तिथंच सगळी मेख. माझ्या थोरल्या भावंडांचा सांधा अगदी बाहेर, ती ट्यूबलाइटनंच फुटायची. मधल्यांचा इतका आत दाबलेला, की दिवा लावून बसा, ढिम्म हलायची नाहीत. तीन वर्षं त्यात गेली. शेवटी तिनं सांधा दोन्ही टोकांच्या मधोमध बसवला, तेव्हा कुठे आम्ही जमलो. ट्यूबलाइटला दाद देत नव्हतो, पण जांभळ्या दिव्याखाली पाच मिनिटांत उघडायचो. उन्हातही तोच उजेड असतो, म्हणून बाटलीला कायम फॉइल गुंडाळलेलं. गर्व होता मला, खोटं कशाला बोलू?

दसरा झाला की आम्हाला पुण्याला शेवटच्या चाचणीला जायचं होतं. वल्लरीची शिष्यवृत्ती त्याच महिन्यात संपत होती. नवं बनवायला ना सामान उरलं होतं ना वेळ. बाटली एकच.

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असते. ती करायचे वेणीमाधवकाका. घरची भिक्षुकी, पण हे लागले प्रयोगशाळेत शिपाई म्हणून. वजनकाट्याला गंध, मायक्रोस्कोपला झेंडू, सगळं कसं मनापासून.

"काका, माझी बाटलीपण ठेवा हं पूजेत. हिच्यावरच सगळं आहे माझं," असं म्हणून वल्लरी थर्माकोलचा डबा आणायला गेली आणि द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकली.

काकांनी मला उचललं. "देवापुढे असं तोंड झाकून बसतात होय रे?" मायेनंच म्हणाले, आणि फॉइल सोललं. मला पाटावर ठेवलं, खिडकीशी. ऊन थेट आलं. अहो काका, नका हो, म्हणून मी आकांत केला. कणाचा आकांत कुणाला ऐकू येणार? मी उकललो.

एक वाजता वल्लरी आली. बाटलीतलं दुधाळ पाणी नितळ झालं होतं, तळाशी औषधाचा पिवळा साका. काका पेढा घेऊन पुढे आले. तिनं पेढा न घेता बाटली उचलली.

"फॉइल का काढलंत काका?"

"का गं? काय झालं?"

मग रडत रडत तिनं सांगितलं. "मोदक समजा काका, आत औषधाचं सारण. ऊनच त्याला उकलतं."

"म्हणजे ऊन लागलं की पाकळ्या सुटतात नि सारण सांडतं. एवढंच ना?"

"एवढंच."

"मग तीन वर्षांत मला का नाही सांगितलंस गं? रोज तुझी भांडी धुतो मी."

पाहुण्यांना ती तासभर स्लाइड दाखवायची. काकांना मात्र, "त्याला हात लावू नका," बस! त्यांना काय कळणार, असंच धरून चाललेली सगळी शिकलेली माणसं. दोन मिनिटं लागली हो त्यांना कळायला.

तिच्या मार्गदर्शक सरांना ती म्हणाली, "माझ्याच हातून उघडी राहिली, सर." काकांचं नाव घेतलं नाही. चांगली आहे पोरगी. पण प्रबंध अर्धवट राहिला. आता ती अंबडला रंगाच्या कारखान्यात नोकरी करते.

मी काकांच्या ड्रॉवरमध्ये आहे, काचेला चिकटलेल्या सुट्या साखळ्या नुसत्या. काका महिनाअखेर निवृत्त होताहेत. रोज बाटली काढतात, बघतात, पुटपुटतात, "माझ्या हातून पोरीचं वाटोळं झालं." मी ओरडून सांगतो, तुमची चूक नाही हो. पोचत नाही.

वल्लरी, तुझं पोचेल. चूक माझीच, हे सरांना सांगितलंस ते काकांना अजून सांगितलेलं नाहीस. एक फोन कर गं.