पल्लवीच्या पाचवीचा कागद

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे आणि जन्मापासून काळजी करत आलो आहे. हसू नका, माझे कामच तसे आहे. बाळ झालेल्या आईच्या मनात किती काळजी साठली आहे, ते मी मोजतो.

बावधनच्या एका झेरॉक्सच्या दुकानात माझा जन्म झाला. यंत्रातून गरमागरम बाहेर पडलो तेव्हा माझ्या अंगावर दहा प्रश्न होते. प्रत्येकापुढे चार चौकोन : कधीच नाही, कधीतरी, बरेचदा, सतत. पहिल्याला शून्य गुण, शेवटच्याला तीन. माझ्याकडे जास्त गुण मिळाले तर शाबासकी मिळत नाही, धावपळ होते. पाठ मात्र कोरीच राहिली, आणि तिनेच पुढे घात केला.

गावोगावी बाळंतिणींची विचारपूस करणाऱ्या आशा सेविका स्नेहलताई यांनी मला कासारसाईला नेले. तिथे मेंढ्या राखणाऱ्या जोतिबाच्या घरी तीन दिवसांचे बाळ होते. त्याच्या बायकोला, पल्लवीला, आई नव्हती. म्हणून पहिले बाळंतपण असूनही ते सासरीच झाले होते.

"वाचून खरं खरं खुणा कर. सातव्या दिवशी येऊन घिऊन जाईन," असे म्हणून ताईंनी मला शिसपेन्सिलीसकट पल्लवीच्या उशाशी ठेवले.

दोन दिवस मी तिला पाहत होतो. बाळ झोपले की ती त्याच्या नाकाशी बोट धरायची. श्वास लागला की बोट काढायची आणि लगेच पुन्हा धरायची. जेवणाचे ताट तसेच गार व्हायचे. मला तर धडकीच भरली. पाचव्या दिवशी तिने मला हातात घेतले आणि सहा प्रश्नांपुढे खूण केली. सहाही खुणा 'सतत'च्या चौकोनात होत्या.

तेवढ्यात सासू बायजाबाई आत आल्या. त्या दिवशी पाचवी होती. पाट्या-वरवंट्याची पूजा मांडून झाली होती. सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहिते, म्हणून पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. घरात दुसरा कागद नव्हता.

"त्यो कागद दे गं. मागनं कोराच हाय," बायजाबाई म्हणाल्या.

पल्लवीचा चेहरा उतरला. "जरा थांबा, आत्या," म्हणत तिने अंगठा ओला केला आणि साऱ्या खुणा घासून पुसल्या. मग दहाच्या दहा प्रश्नांपुढे 'कधीच नाही'वर खुणा केल्या. मी मनातून ओरडत होतो, पण कागदाचा आवाज कोणाला ऐकू येणार?

मला पालथे ठेवून माझ्यावर हळदकुंकू वाहिले. एवढा मान माझ्या जातीत कोणाला मिळाला नसेल. मला मात्र लाज वाटत होती, कारण मी खोटा झालो होतो.

सातव्या दिवशी ताईंनी बेरीज केली. शून्य! "लई छान," म्हणत त्या मला फाइलमध्ये ठेवू लागल्या. आता संपलेच, असे मला वाटले. पण दारातल्या उजेडात माझे झिजलेले सहा ठिपके आरपार दिसले. ताई थबकल्या. त्यांनी ते बोटाने चाचपले, मला उलटे करून हळदीचे डाग पाहिले आणि माघारी वळल्या.

"मावशी, बाळाला जरा अंगणात कवळ्या उन्हात धरता का?" त्यांनी बायजाबाईंना बाहेर पाठवले. मग बाजेवर बसून पल्लवीला हळूच विचारले, "काय पुसलंस गं?"

पल्लवी रडू लागली. "खरं ठिवलं असतं तर सटवाईनं माझं भ्या वाचलं असतं. माझ्या लेकराच्या कपाळी त्येच लिवलं असतं, ताई."

ताई हसल्या नाहीत. "सटवाई बाळाचं लिवती. ह्यो कागद आईचा हाय."

मग पल्लवी बोलली. डोळा मिटला की बाळाचा श्वास थांबेल असे वाटते, छाती धडधडते, घरचे वेडी म्हणतील म्हणून सांगवत नाही. ताईंनी लाल पेनने पुन्हा खुणा केल्या. बावीस गुण झाले. जाताना त्यांनी जोतिबाला आणि बायजाबाईंनाही सारे नीट समजावून सांगितले.

दुसऱ्याच दिवशी जोतिबाने मेंढरे शेजाऱ्यावर सोपवून तिला सरकारी दवाखान्यात नेले. तिथल्या समुपदेशक बाईंकडे ती दर आठवड्याला जाऊ लागली. "तू नीज, श्वास मी बगते," म्हणत बायजाबाई दुपारभर बाळापाशी बसू लागल्या. दीड महिन्याने ताईंनी माझ्या धाकट्या भावावर, म्हणजे तसल्याच नव्या कागदावर, खुणा करून घेतल्या. आठ गुण आले. भीती पुरती गेली नव्हती, पण या वेळी पल्लवीने काही पुसले नव्हते.

आता मी कपाटातल्या फाइलमध्ये पडून आहे. हळदीचे डाग फिकट झाले आहेत, कसरीने कडा कुरतडल्या आहेत. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, बाळ बघायला गेलात की त्याच्या आईलाही विचारा, "तू कशी आहेस?" आणि ती "काही नाही, बरी आहे" म्हणाली, तर लगेच उठू नका.