येऊन गेली

अकोल्याच्या मंगल कार्यालयात पौर्णिमाला हळद लागत होती, आणि तिची काकू वर्षाली भिंतीपलीकडच्या भांड्यांच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून बसली होती. भिंत पातळ होती. गाणं अलीकडे येत होतं, हळदीचा वासही येत होता. बोलावणं तेवढं येत नव्हतं.

वलगावच्या या फुलमाळी घराची हळदीची रीत जुनी. आतेसासू जाईबाई पाटाशी बसत, एकेका सवाष्णीचं नाव घेत, मग ती उठून आंब्याच्या पानानं नवरीला हळद लावी. नाव घेतल्याशिवाय कोणी उठायचं नाही. गाणंही तेच सांगे.

हयद वाटली, वाटली, पिवया झाला वं पाटा,
जिचं घेईन मी नाव, तिले मांडवाच्या वाटा.

मनोज, वर्षालीचा नवरा, शेवंतीच्या वावरात मोटारीचा शॉक लागून गेला. तेव्हापासून 'येऊ नको' असं तिला कोणी कधी म्हटलं नाही. नुसतं नाव घेणं थांबलं. फुलं तोडायच्या दिवशी पहाटे पहिली हाक तिलाच असे. हळदीकुंकवाला घर तिला विसरून जाई. शेवटी ती अमरावतीला खोली करून राहिली आणि एका कॉम्प्युटर क्लासात शिकवू लागली. पौर्णिमा कॉलेजसाठी तिच्याचकडे राहिली. एकदा डोक्याला तेल लावून घेता घेता पोरगी म्हणाली होती, "काकू, माह्या लग्नात पयली हयद तूच लावशीन. मी सोता तुह्यं नाव घेईन. नवरीनं घेतलेलं नाव कोन खोडते?"

त्या एका वाक्याच्या भरवशावर वर्षालीनं मोतिया रंगाची साडी घेऊन ठेवली होती.

सकाळी फोन आला तो भासऱ्यांचा, म्हणजे पौर्णिमाचे वडील शेषराव यांचा. पौर्णिमाच्या लॅपटॉपवरून लहानपणचे फोटो पडद्यावर दाखवायचे होते आणि लॅपटॉप सुरू होता होताच गोठत होता. तूच ये, दुसऱ्या कोणाला समजत नाही, असं ते म्हणाले. नवरीला काही सांगू नको, उगाच घाबरेल, असंही म्हणाले. ती साडी नेसून वर्षाली मिळेल त्या बसनं आली, आणि शेषरावांनी तिला मागच्या दारानं या खोलीत आणून बसवलं.

रोग तिला बघताच कळला. लॅपटॉपात डिस्प्लेची दोन कार्डं, त्यातलं एक कधीच जळलेलं. त्या जळक्या कार्डाला चालवणारं मॉड्यूल, म्हणजे मशीनच्या गाभ्याला जोडला जाणारा एक तुकडा, सुरुवातीलाच उठे आणि मेलेल्याला हलवत बसे. तिनं ते पूर्वीच बंद करून ठेवलं होतं, पण नव्या अपडेटनं जुनी व्यवस्था पुसून टाकली होती. रिकव्हरीतून काळ्या पडद्यावर शिरून तिनं त्याचं नाव पुन्हा काळ्या यादीत लिहिलं. मशीन जागं होताना फायलींचं जे गाठोडं पहिल्यांदा सोडतं, तेही नव्यानं बांधलं. नाही तर यादी कोरी करकरीत आणि गाठोड्यात जुनंच सामान.

थोरली जाऊ कौशल्या, पौर्णिमाची आई, चहा घेऊन आली. इथंच बस, इथं पंखा आहे, असं मायेनं म्हणाली आणि दार अर्धं लोटून घेतलं. पडद्यावरची अक्षरं पाहून विचारलं, "झालं का वं?"

"काया यादीत टाकलं त्याले."

"मंग आता नाही येत?"

"आपल्या मनानं नाही येत, जाऊबाई. पन कोनी नाव घेऊन बलावलं तं येते."

बोलून झाल्यावर वर्षालीचा हात चहाच्या कपापाशी थांबला. कौशल्यानं पदर सारखा केला आणि ती बाहेर गेली.

वर्षालीनं लॅपटॉप पुन्हा सुरू केला. पुन्हा गोठला. पडदा उभा करणाऱ्या प्रोग्रामनं त्या मॉड्यूलला नावानं हाक मारली होती, आणि काळ्या यादीतलं असूनही ते धावत आलं होतं. काम बिघडलं, पण तिच्या जिवाला उगाच बरं वाटलं.

पलीकडे जाईबाई नावं घेत होत्या. शकुन. चंदा. माणिकबाई. मग गाणं जरा खाली बसलं आणि पौर्णिमाचा आवाज आला.

"आत्याबाई, वर्षाली काकूले बलावा. काकू कुठी हाय?"

वर्षाली उठली. पदर खोचला, हात साडीला पुसले, दाराच्या कडीला बोटं लावली.

"थे येऊन गेली ना वं," कौशल्याचा आवाज अगदी मऊ होता. "हयद लावून गेली तुले. तुहे डोये मिटलेले होते."

"हो का?" पौर्णिमा म्हणाली. जाईबाईंनी पुढचं नाव घेतलं.

कडी गार होती. वर्षाली परत येऊन पोत्यापाशी बसली. लॅपटॉप असाच गोठलेला ठेवला असता तर शेषराव धावत आले असते, गडबड झाली असती, नवरीलाही कळलं असतं. तसं करावं, असं एक क्षण वाटलंही. मग पोरीचा हळदीचा दिवस डोळ्यांपुढे आला, आणि तिनं काळ्या यादीखाली दुसरी ओळ लिहिली. ती ओळ तिला पूर्वीपासून पाठ होती. तिचा अर्थ एवढाच, की या मॉड्यूलला कोणी नावानं बोलावलं तर 'झालं' असं उत्तर द्यायचं आणि काहीएक करायचं नाही. बोलावणाऱ्याचं समाधान होतं, येणारा येत नाही.

लॅपटॉप सरळ सुरू झाला.

शेषराव दारातूनच तो घेऊन गेले. जेवूनच जा, असं म्हणाले. मांडवात फोटो सुरू झाले, बाया हसू लागल्या. वर्षालीनं थंड चहा मोरीत ओतला, कप विसळून पालथा घातला आणि मागच्या दारानं निघाली. येऊन गेलेल्या बाईला मांडवात दिसायची सोय नव्हती. दिसली असती तर जाऊ खोटी ठरली असती, तीही लेकीसमोर.

मूर्तिजापूरच्या पुढं बसमध्ये फोन वाजला.

"काकू, इतकी घाई काहून केली वं? भेटलीबी नाही." पौर्णिमा म्हणाली. "माहे डोये मिटलेले होते, पन हात वयखला मी. शेवंती तोडून तोडून खरबरीत झालेला. तुहाच हात होता ना?"

वर्षालीनं मांडीवरचा तळहात उलटून पाहिला. तो हळदीविना कोरा होता.

"हो," ती म्हणाली.